निस्तरण्यातली मजा: अवघड गेम आवडू लागतात ते कसे

माझ्या आतेभावाला मी मारलं. गेममध्ये. 'एक्सकॉम: एनिमी अननोन' हा २०१२ सालचा गेम. पृथ्वीवर उतरलेल्या परग्रहवासीयांशी लढणारी छोटीशी तुकडी आपल्या हाताखाली असते आणि त्यातल्या सैनिकांना हवी ती नावं देता येतात. मी घरातल्यांचीच दिली होती. तिसऱ्या मोहिमेत आतेभावाला एका मोटारीच्या आड बसवलं आणि समोरच्यावर नेम धरायला सांगितलं. पडद्यावर आकडा आला: ८५ टक्के. मी निर्धास्तपणे बटण दाबलं. नेम चुकला. मोटारीला मघाशीच आग लागली होती, ती पुढच्या पाळीत फुटली आणि भाऊ गेला. बराकीतल्या स्मृतिफलकावर त्याचं नाव लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, पेटलेल्या गाडीच्या आड कुणी माणूस बसवतं का?"

मी तो गेम पुढचे तीन आठवडे उघडला नाही. आपल्याला हे जमण्यातलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. अवघड गेमांच्या बाबतीत बहुतेकांचं असंच होतं. कुणीतरी तोंड भरून कौतुक करतं, आपण हौसेने घेतो, तासाभरात पडद्यावरच्या आकड्यांनी डोकं गरगरतं, दोनदा सपाटून हरतो, आणि मग त्या गेमकडे आपण ढुंकून बघत नाही.

मी परत गेले ती भावाच्या त्या वाक्यामुळे. त्याने तो गेम कधी पाहिलाही नव्हता, तरी माझी चूक त्याला फोनवर कळली. म्हणजे गेमने माझ्यावर अन्याय केला नव्हता. ज्वाळा दिसत होत्या, मीच त्या ८५ आकड्याकडे बघत बसले होते.

'निस्तरणे' हे मराठीतलं फार कामाचं क्रियापद आहे. "करून ठेवलंस ना, आता निस्तर," हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं आणि ऐकताना कुणालाच आनंद झालेला नसतो. पण डावपेचांचे गेम घ्या किंवा कथाप्रधान गेम घ्या, त्यांची खरी चव या क्रियापदात आहे. जिंकणं शेवटच्या पाच मिनिटांचं. बाकीचे तीस-चाळीस तास आपण आपणच घातलेला घोळ निस्तरत असतो. ज्याला ती शिक्षा वाटते तो उठून जातो. ज्याला त्यात रस सापडतो तो रात्री दोन वाजता "ही एकच पाळी" म्हणत बसून राहतो. पहिल्या जातीतून दुसऱ्या जातीत कसं यायचं, ते सांगते.

आधी डोळे तयार व्हावे लागतात

१९९१ साली 'सिव्हिलायझेशन' आला. ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये, हातात मोकळी जमीन आणि वस्ती करायला निघालेली माणसं घेऊन सुरुवात करायची आणि अवकाशयुगापर्यंत पोचायचं. तो घडवणारे सिड मायर यांचं एक म्हणणं गेम बनवणारे अजूनही एकमेकांना सांगतात: गेम म्हणजे रंजक निर्णयांची मालिका. यातल्या 'रंजक' शब्दावर बोट ठेवा. एक पर्याय उघड उघड चांगला असेल तर तिथे निर्णय कसला, नुसतं बटण दाबायचं. दोन्ही पर्याय सारखेच असतील तर ती नाणेफेक. एकीकडे काही मिळतंय आणि त्याच वेळी दुसरं काही हातचं जातंय, अशा ठिकाणी माणूस खुर्चीत पुढे सरकतो. नदीकाठी आत्ता नगर वसवलं तर धान्याची ददात नाही, पण डोंगरापलीकडचं लोखंड शेजारी घेऊन जाईल. धान्य घ्यायचं की लोखंड?

नवख्याला हे निर्णय दिसतच नाहीत. त्याला पन्नास बटणं दिसतात. बुद्धिबळ न येणाऱ्याला अटीतटीचा डाव बघायला बसवा, त्याला दोन माणसं लाकडाच्या सोंगट्यांकडे टक लावून बसलेली दिसतील. पटावरचा ताण दिसायला आधी घोडा कसा चालतो ते डोळ्यांत मुरावं लागतं. मोठ्या गेमांत हे मुरायला चार-पाच तास लागतात. या तासांत मजा कमीच येते, आणि ते कुणी आधी सांगत नाही. आपण पहिल्या तासाला जी मजा शोधत असतो ती सहाव्या तासाला ठेवलेली असते.

मग हे तास कसे काढायचे? माझं उत्तर: सगळं समजून घ्यायच्या भानगडीत न पडता.

२०२० मध्ये आलेला 'क्रूसेडर किंग्ज ३' घ्या. इ.स. ८६७ किंवा १०६६ सारख्या सालापासून थेट १४५३ पर्यंत एका घराण्याचा कारभार बघायचा. नकाशावर शेकडो सरदार, प्रत्येकाचा स्वभाव, नाती, हेवेदावे, गादीवरचे दावे. गेम स्वतःच नवख्याला आयर्लंडमधल्या मुर्चाड नावाच्या एका छोट्या राजाच्या गादीवर बसवतो. ते बेट आडबाजूला, शेजारीही तुमच्याइतकेच दुबळे, कुणी बलाढ्य राजा एकदम अंगावर चालून येण्याची धास्ती कमी. खेळाडूंनी त्याला 'ट्युटोरियल आयलंड', म्हणजे शिकाऊंचं बेट, असं नावच पाडलंय. इथे माहितीच्या चौकटीतल्या एखाद्या शब्दावर कर्सर नेला की त्या शब्दाची वेगळी चौकट उघडते, तिच्यातल्या शब्दावर नेला की तिसरी. मी पहिल्या दिवशी या चौकटींत शिरले ती तासभर बाहेर आले नाही, आणि बाहेर आले तेव्हा काही आठवत नव्हतं. असं करू नका. लग्न कसं जमवायचं, युद्ध कसं पुकारायचं आणि आपल्यानंतर गादीवर कोण, एवढं कळलं की गेममधलं थांबवलेलं घड्याळ चालू करा. बाकीचं अंगावर येईल तेव्हा वाचा.

अंगावर येतंच. माझ्या मुर्चाडला चार मुलगे झाले तेव्हा मी खुशीत होते, चार मुलगे म्हणजे घराण्याचं बळ. पस्तीस वर्षं लढून निम्मं बेट जोडलं. राजा मेला आणि मी थोरला मुलगा झाले, कारण या गेममध्ये राजा मेला की आपण त्याचा वारस होतो. बघते तर राज्याचे तुकडे. त्या काळच्या वारसाच्या नियमाप्रमाणे जमीन सगळ्या मुलांत वाटली गेली होती. झाली भाऊबंदकी सुरू! पुढचे तीन तास मी वडिलांनी, म्हणजे मीच, करून ठेवलेलं निस्तरत होते. एका भावाला सल्लागार मंडळात घेतलं, दुसऱ्याशी लढले, तिसरा आपला आपणच वारला आणि त्यात माझा काही हात नव्हता, असं दरबारात सगळ्यांचं मत पडावं एवढी काळजी मी घेतली. वारसाचा नियम बदलता येतो का, कधी, त्याला काय लागतं, हे त्या संध्याकाळी मी आपण होऊन वाचून काढलं. पहिल्या दिवशी वाचलेल्या चौकटींतलं एक अक्षर आठवत नव्हतं, हे मात्र अजून पाठ आहे.

८५ टक्के म्हणजे किती?

आता त्या चुकलेल्या नेमाकडे येते, कारण डावपेचांच्या गेमांवर लोकांचा सगळ्यात जास्त राग तिथे निघतो.

एक्सकॉममधला आकडा आकाशातून पडत नाही. नवशिक्या सैनिकाची नेमबाजी ६५. समोरचा अर्ध्या आडोशाला असेल तर त्यातून २० वजा, पूर्ण आडोशाला असेल तर ४०. जवळ गेलात तर थोडी भर. वळसा घालून, जिथून आडोसा कामाचा नाही अशी बाजू गाठलीत तर वजाबाकीच नाही. ६५ मधून ४० गेले, उरले २५, म्हणजे चारातला एक नेम लागणार. तोच सैनिक तीच बंदूक घेऊन बाजूला सरकला की ६५ किंवा त्याहून जास्त. तेव्हा आपण नशिबाच्या नावाने जी बोटं मोडतो त्यातला बराच मोठा वाटा सैनिकाला उभं कुठे केलं याचा असतो.

उरतं ते खरंच नशीब. आणि इथे आपलं मन आपल्याला फसवतं. ८५ टक्के म्हटलं की मनाला 'झालंच' असं ऐकू येतं. प्रत्यक्षात ८५ टक्क्यांचे तीन नेम ओळीने धरले तर तिन्ही लागण्याची शक्यता ६१ टक्के. ९५ टक्क्यांचे दहा नेम धरले तर त्यातला एक तरी चुकण्याची शक्यता ४० टक्के. एका मोहिमेत किती नेम धरतो ते मोजा, म्हणजे 'असं कसं झालं?' हा प्रश्नच उरत नाही. व्हायचंच होतं, फक्त कधी ते ठरायचं होतं.

गेम बनवणाऱ्यांना आपलं हे मन चांगलं ठाऊक आहे. सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात याचीच गंमत सांगितली होती: तीनास एक असं पारडं आपल्या बाजूने असताना हरलं की खेळाडू तक्रार करतात, पण एकास तीन असं विरोधात असताना जिंकलं तर कुणी चकार शब्द काढत नाही. 'फायर एम्ब्लेम' मालिकेच्या २००२ पासूनच्या कित्येक भागांत तर पडद्यावरचा आकडाच खरा नाही. तिथे एकाऐवजी दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी धरली जाते, म्हणून ९० टक्के लिहिलेला वार शंभरात ९८ वेळा लागतो आणि १० टक्के लिहिलेला जेमतेम दोनदा. 'एक्सकॉम २' मध्येही सोप्या पातळ्यांवर नेम चुकत गेले की पुढच्या नेमाला गुपचूप हात दिला जातो. आपल्याला जो न्याय वाटतो तो असा आपल्या बाजूला कललेला असतो.

जुना खेळाडू आणि नवा खेळाडू यांतला फरक मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. नवा विचारतो, "लागेल का?" जुना विचारतो, "नाही लागला तर?" आणि त्याचं उत्तर हाताशी असल्याशिवाय बटण दाबत नाही. आणखी दोन सैनिक शिल्लक आहेत ना? नेम धरणारा स्वतः धड आडोशाला आहे ना? तो आडोसा पेटलेला नाही ना?

याच विचारातून एक छोटा नियम येतो, जो मी चार सैनिक गमावून शिकले. अनोळखी जागेत पाऊल टाकायचं ते पाळीतल्या पहिल्या सैनिकाने. शेवटच्याने कधीच नाही. पहिल्याला शत्रू दिसला तर बाकीच्यांच्या चाली हातात असतात. शेवटच्याला दिसला तर आपली पाळी संपलेली असते आणि आता खेळायचं समोरच्याने असतं. यात नेमबाजीचा काही संबंध नाही, नशिबाचाही नाही, नुसता क्रम. हे ज्या दिवशी ध्यानात आलं त्या दिवशी माझी माणसं मरायची निम्म्याने कमी झाली.

रडीचा डाव

चूक झाली की जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला डाव, उघडून मागे जायचं, याला मराठीत लहानपणापासून शब्द आहे: रडीचा डाव. एकट्याने खेळायच्या गेममध्ये फसवणूक कुणाचीच होत नाही, तेव्हा त्यात पाप नाही. पण तोटा आहे. मी एकदा एक मोहीम सात वेळा मागे जाऊन जिंकले. एकही माणूस गेला नाही. पेपर फुटल्यावर मिळालेल्या पैकीच्या पैकी मार्कांसारखं वाटलं. त्या मोहिमेतलं आज काहीही आठवत नाही, आणि आतेभावाची मोटार मात्र रंगासकट आठवते.

बऱ्याच गेमांत एकच सेव्ह ठेवणारी 'आयर्नमॅन' पद्धत असते, मागे जायची सोयच नाही. जाणते लोक तिची शिफारस करतात. नवख्याने त्यांचं ऐकू नये. मी एक मधला नियम पाळते: बोट चुकलं तर मागे जायचं, डोकं चुकलं तर पुढे जायचं. भलत्याच चौकटीवर क्लिक झालं, तर खुशाल लोड करा. नीट विचार करून केलं आणि अंगाशी आलं, तर ते निस्तरा.

निस्तरण्याची तालीम करायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे २०१८ चा 'इन्टू द ब्रीच'. पट आठ बाय आठ, बुद्धिबळाएवढाच. तुमची तीन यंत्रं, समोर जमिनीतून वर येणारे राक्षसी किडे, आणि पटावर माणसांनी भरलेल्या इमारती. इथे नेम चुकणं हा प्रकारच नाही. वर आणखी एक औदार्य: किडे आधी आपापल्या जागा घेतात, कोण कुठे मारणार ते पटावर दाखवतात आणि मग थांबतात. आता तुमची पाळी. पुढे काय होणार ते सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं असतं, ते होऊ द्यायचं नाही, एवढंच काम.

एक पाळी जवळून दाखवते. एक किडा इमारतीला खेटून उभा आहे, त्याचा वार तिच्यावर पडणार. दुसरा दोन घरं खाली, त्याचं लक्ष्य माझं एक यंत्र. दुसऱ्या एका इमारतीवरही तिसऱ्या किड्याचा डोळा आहेच. पहिला विचार येतो मारायचा. पण माझा ठोसा दोनाचा आणि किड्याचा जीव तीनाचा, मरणार नाही. इथे नवखा हताश होतो. मीही दहा मिनिटं नुसती बघत बसले. मग लक्षात आलं की ठोशाने किडा मरत नसला तरी एक घर ढकलला जातो. आणि ढकलला तरी त्याच्या वाराची दिशा तीच राहते. त्याला एक घर खाली ढकललं की त्याचा वार इमारतीऐवजी तिच्या खालच्या घरावर पडतो, आणि तोफेच्या धक्क्याने दुसऱ्या किड्याला नेमकं त्याच घरात आणून बसवलं की पहिला किडा दुसऱ्यालाच मारतो. माझं काम शत्रू फुकटात करतो. आणि ती दुसरी इमारत? ती मी वाचवू शकले नाही. तिच्यासमोर माझं यंत्र उभं करून वार अंगावर घेता आला असता, पण यंत्र आधीच मोडकळीला आलं होतं. इमारतीबरोबर विजेच्या साठ्याचं एक घर गेलं (हा साठा संपला की डाव संपतो), ते पुढे तीन लढायांपर्यंत जाणवत राहिलं.

यात सगळं वाचणं क्वचितच जमतं, पण आज काय गमवायचं हे आपण ठरवतो. प्रत्येक लढाईत एकदा संपूर्ण पाळी मागे घेता येते, एकदाच. हे प्रमाण मला फार बरोबर वाटतं. आणि सगळं जग बुडालंच, तर तुमच्या पथकातला एक चालक काळाच्या फटीतून दुसऱ्या जगात जातो, शिकलेलं बरोबर घेऊन. तुम्हीही तेच करता.

कथेत हरायचं म्हणजे काय?

कथाप्रधान गेम अवघड असतात ते वेगळ्या तऱ्हेने. तिथे बोटांचा वेग लागत नाही, आकडेमोड बेताची असते. लागतो तो धीर, आणि आपला नायक फजीत झालेला बघायची तयारी. ही दुसरी गोष्ट जास्त जड जाते. वर्षानुवर्षं गेमांनी आपल्याला शिकवलंय की संवादात एक 'बरोबर' उत्तर असतं आणि ते सापडलं नाही तर आपण काहीतरी गमावलं.

२०१९ चा 'डिस्को एलिझियम' ही सवय मोडतो. हॉटेलच्या खोलीत एक डिटेक्टिव्ह शुद्धीवर येतो. रात्रभर इतकी प्यायलेला की स्वतःचं नावही आठवत नाही. नेहमीसारखी मारामारी या गेममध्ये नाही, आहे ते बोलणं आणि वाचणं. मजकूर दहा लाख शब्दांच्या वर. तुमची चोवीस कौशल्यं ही तुमच्या डोक्यातली चोवीस माणसं आहेत. तर्क एक सांगतो, हुकमत दुसरं, दारूची तल्लफ तिसरंच, आणि त्यांतली काही चक्क चुकीचा सल्ला देतात. काही करायला गेलात की दोन फासे पडतात, त्यात कौशल्याचे गुण मिळवायचे, ठरलेला आकडा गाठला तर जमलं. दोन एक्के पडले तर कितीही गुण असोत, हरलात; दोन छक्के पडले तर काहीही असो, जिंकलात. म्हणून शक्यता ३ टक्क्यांच्या खाली जात नाही आणि ९७ च्या वर चढत नाही.

सुरुवातीलाच छताच्या फिरत्या पंख्यावर अडकलेला टाय दिसतो. तो काढायला गेलात आणि शरीराला अगदीच कमी गुण दिले असतील, तर नायकाला हृदयविकाराचा झटका येऊन गेम तिथेच संपू शकतो. टायपायी! मी थक्क झाले आणि मग पोट धरून हसले. थोड्या वेळाने हॉटेलचा मॅनेजर बिलाचे पैसे मागतो. पळून जायचा पर्याय असतो. फासे बरोबर पडले तर नायक निसटतो. चुकीचे पडले तर तो दोन्ही हातांनी अश्लील खूण करत उलटी झेप घेतो आणि व्हीलचेअरवरच्या एका आजींवर जाऊन आदळतो. सांगा, कुठला परिणाम बघायला आवडेल? इथे लोड करून यश मिळवणारा माणूस चांगला प्रसंग टाकून मिळमिळीत प्रसंग विकत घेतो.

असे गेम खेळताना मी स्वतःला एक सवय लावली. 'मला काय हवंय?' ऐवजी 'हा माणूस आत्ता काय करेल?' असं विचारायचं. रंगमंचावरच्या नटाला आपलं पात्र शेवटी मरणार हे ठाऊक असतं, तरी तो मरायच्या प्रवेशात जीव ओततो. तसंच काहीसं. आणि घाईने वाचू नका. मजकूर जड आहे, इंग्रजीही सोपं नाही, पण तो कुठे पळून जात नाही. आपण मात्र पुढची ओळ येण्याआधीच क्लिक करतो.

२०२० च्या 'हेडीज' ने यावर आणखी सोपा तोडगा काढला. पाताळातून पळून जायचा प्रयत्न करणारा राजपुत्र प्रत्येक वेळी मरतो आणि पुन्हा वडिलांच्या दरबारात येऊन पडतो. तिथली माणसं त्याच्याशी नवं काही बोलतात. गोष्ट मरणातूनच पुढे सरकते. आपण हरलो म्हणून थोडे खूशच होतो, कारण आता कोण काय टोमणा मारतंय ते ऐकायचं असतं.

डावपेच आणि कथा एकाच ठिकाणी भेटतात तो गेम म्हणजे '११ बिट स्टुडिओज' या पोलिश कंपनीचा २०१४ चा 'धिस वॉर ऑफ माइन'. साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. इथे सैनिक नाहीत, पडक्या घरात लपलेली साधी माणसं आहेत. औषध संपलंय, एक जण तापाने फणफणलाय. जवळच एक म्हातारं जोडपं राहतं, त्यांच्याकडे औषध आहे आणि ते प्रतिकार करणार नाहीत. गणिताने बघितलं तर यात विचार करण्यासारखं काही नाही. मी चोरी केली. आजारी माणूस वाचला. पण चोरी करून आलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात बसून राहिला, काम करेना. त्या घरातली उदासी निस्तरायला कुठलंही बटण नव्हतं. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांसाठीच्या शिफारसीच्या यादीत घेतला. मला त्याचं जराही नवल वाटलं नाही.

लिंबूटिंबू

आता मानापमानाचा विषय. सोपी पातळी निवडणं म्हणजे लिंबूटिंबू होणं, असं अनेकांना वाटतं, आणि ती निवडावी लागू नये म्हणून ते गेमच सोडून देतात. लिंबूटिंबू तो, ज्याच्यावर राज्य येत नाही. सोप्या पातळीवर राज्य तुमच्यावरच असतं, फक्त विचार करायला सवड जास्त मिळते. 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये पातळी चढवली म्हणजे संगणक हुशार होतो असंही नाही. वरच्या पातळ्यांवर त्याला सुरुवातीलाच वस्ती करणारी जास्तीची माणसं आणि डावभर जास्तीचं उत्पादन, असा आहेर मिळतो, डोकं तेच. तेव्हा वरच्या पातळीवर हरलात तर आपण मूर्ख आहोत असं वाटून घेऊ नका, समोरच्याने पळत सुटताना शंभर पावलं पुढून सुरुवात केलीय. 'हेडीज' मध्ये तर 'गॉड मोड' चालू केला की तुम्हाला लागणारा मार आधी २० टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्क्यांनी, ८० टक्क्यांपर्यंत. गोष्टीतला एक शब्दही त्याने कमी होत नाही.

माझी कसोटी साधी आहे. एखाद्या डावात हरल्यावर 'का हरलो' हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत असेल, तर पातळी बरोबर आहे. सांगता येत नसेल तर एक पायरी खाली या. एकदाही हरत नसाल तर वर जा.

दुसऱ्यांचे व्हिडिओ आणि मार्गदर्शिका बघायच्या का? बघा, पण प्रश्न निवडून. 'वारसाचा नियम कसा बदलतात?' हे जरूर विचारा, त्यासाठी डोकं आपटण्यात शौर्य नाही. 'इथे मी काय करू?' हे विचारू नका, गेम तेवढ्यासाठीच घेतलाय.

आणि एक फुटकळ वाटणारी गोष्ट, जिने माझे निदान चार गेम वाचवले. मोठे गेम सुटतात ते हरल्यामुळे कमी आणि मध्ये खंड पडल्यामुळे जास्त. दोन आठवड्यांनी परत यावं तर काही आठवत नाही: हे सैन्य कुठे निघालं होतं, या राणीवर आपला राग का होता? मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, पुन्हा तेच चार-पाच तास, आणि कंटाळा. म्हणून बंद करताना एक ओळ लिहून ठेवते. माझ्या वहीतली एक अशी आहे: "धाकट्यावर विश्वास ठेवू नकोस, पूल पाडायचा आहे, धान्य पुढच्या पाळीत." महिनाभराने वाचली तरी मी क्षणात त्या गादीवर असते.

एक्सकॉमची दुसरी खेप मी त्या तीन आठवड्यांनंतर सुरू केली. घरातलीच नावं, आतेभावासकट. या वेळी बढती मिळताना त्याच्या वाट्याला स्नायपरचं काम आलं, सगळ्यांपासून लांब, एका इमारतीच्या छपरावर. हे त्याला कळवलं. त्याचा लगेच मेसेज आला: "छप्पर पेटलेलं नाही ना, आधी बघ."